फासा, चिंचोके आणि टिकल्या : लहान मुलांच्या रियाजासाठी घरगुती खेळ

शिक्षक आणि पालक मित्रहो,

आजचा विषय आहे सहा ते बारा वर्षांची मुलं आणि त्यांचा रियाज. खेळांकडे येईनच, पण आधी बक्षिसाबद्दल बोलू, कारण घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो.

"पाच वेळा पलटा म्हटलास तर चॉकलेट." (पलटा म्हणजे सरावासाठी उलटसुलट म्हणायची स्वरांची ओळ.) हा सौदा पहिले काही दिवस मस्त चालतो. मग मूल विचारतं, "सहा वेळा म्हटला तर दोन देणार का?" पलटा राहतो बाजूला आणि घासाघीस सुरू होते. शिवाय चॉकलेटचे चिकट हात पेटीच्या पट्ट्यांना आणि तबल्याच्या शाईला लागतात, तो ताप वेगळाच.

यामागचं कारण एका जुन्या प्रयोगात चांगलं दिसतं. 1973 साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तिघांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या मुलांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. मुळातच चित्रं काढायला आवडणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी तारा लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना तेच पत्रक न सांगता, शेवटी अचानक दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी त्याच मुलांसमोर चित्रांचे पेन नुसते ठेवले, बक्षिसाचा विषयच नाही. ज्यांना आधी कबूल केलं होतं, ती मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रात रमली. अचानक पत्रक मिळालेल्यांचं मात्र काही बिघडलं नव्हतं. म्हणजे बक्षीस वाईट नाही, आधी ठरवलेला सौदा वाईट. ज्या मुलाला गाणं आधीच आवडतं, त्याला तर तो जास्तच नडतो.

मग बक्षीस द्यायचंच नाही का? द्यायचं, पण शक्यतो गाण्यातलंच. आज तंबोऱ्याचं ॲप कुठल्या पट्टीत लावायचं ते तू ठरव. आज शेवटचं गाणं तुझ्या आवडीचं. आज तबल्यावर बसून तू ठेका धर आणि बाकीचे पलटे म्हणतील. मुलांना हा मान कंपासपेटीपेक्षा मोठा वाटतो आणि तो मिळाल्यावर पुन्हा गाणंच करावं लागतं. तो जाहीर मात्र करू नका. अधूनमधून, अनपेक्षित द्या.

घरी रोज बसण्याची सवय लावायची असेल तर एक टिकल्यांचं पाकीट आणि भिंतीवरचं कॅलेंडर पुरे. रियाजाला बसलं की त्या तारखेच्या चौकोनात एक टिकली. टिकली बसण्याची आहे, बरोबर गाण्याची नाही. सूर लागणं दर वेळी मुलाच्या हातात नसतं, बसणं असतं. आठ वर्षांपर्यंत दहा मिनिटं, पुढे पंधरा-वीस. टिकली मुलानेच लावायची. आईने लावली की ती हजेरी होते आणि हजेरी म्हटली की बुडवणं आलंच. सातातले पाच दिवस झाले की आठवडा भरला असं धरा. एकही दिवस चुकवायचा नाही असा नियम केलात, तर पहिल्याच तापाच्या दिवशी साखळी तुटते आणि मूल म्हणतं, आता काय उपयोग! दोन-तीन महिन्यांत मूल स्वतःच टिकली लावायला विसरू लागतं. विसरू द्या. बसतंय ना, मग आठवण करू नका.

आता अडणाऱ्या जागेचा खेळ. पाच चिंचोके पेटीच्या डाव्या बाजूला ठेवायचे. अवघड तुकडा एकदा नीट आला की एक चिंचोका उजवीकडे. पाचही गेले की झालं. खेळ इतका सोपा आहे की तो चुकीच्या पद्धतीनेच जास्त खेळला जातो. पहिली चूक म्हणजे चुकलं की पाचही परत आणणं. चौथ्या चिंचोक्यावर मुलाचा गळा आवळतो तो त्याच भीतीने. चुकलं तर एकच परत आणा. दुसरी चूक म्हणजे अख्खी बंदिश घेणं. तुकडा दोन ते चार मात्रांचाच, म्हणजे तालाच्या दोन ते चार ठोक्यांचाच हवा, नेमका जिथे अडतंय तिथला. तीन चिंचोके ओळीने परत आले तर दोष मुलाचा नाही. तुकडा मोठा आहे किंवा लय जास्त आहे. आधी लय उतरवा, तरी जमेना तर तुकडा आणखी लहान करा. तिसरी अडचण घाईची. मुलं चिंचोके संपवायला धावतात आणि पाचव्या खेपेला लय दीडपट झालेली असते. त्यावर उपाय असा की दोन खेपांच्या मधलं एक आवर्तन, म्हणजे तालाची एक पूर्ण फेरी, गप्प बसायचं, फक्त हाताने टाळ्या आणि खाली (टाळीऐवजी हात उघडायची जागा) दाखवायची. या मोकळ्या आवर्तनात मूल पुढची खेप मनात म्हणून घेतं, आणि खरा रियाज तोच. घरात पाच वर्षांखालचं भावंड असेल तर चिंचोके नकोत, तोंडात घालतात. बाटल्यांची मोठी बुचं घ्या.

फाशाचा खेळ मला सगळ्यांत आवडतो, म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो. भूप रागाला स्वर पाच, सा रे ग प ध, त्यात तार सा, म्हणजे वरचा सा (सां), धरला की सहा. फाशाला बाजू सहाच. दुर्गा रागाचंही तसंच, सा रे म प ध आणि तार सा. सुताराकडून दीड इंची पट्टीचे दोन ठोकळे कापून आणा, कडा पॉलिशपेपरने घासा, मार्करने स्वर लिहा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा. नाहीतर आठवड्यात शाई पुसून सगळ्यांच्या बोटांवर येते. पुठ्ठ्याचा पोकळ फासा करू नका. डिंकाने जोडलेली बाजू जड होते आणि तीच सारखी खाली बसते, मग एकाच स्वराचा मारा होतो.

आधी भूपाचा फासा चार वेळा टाकायचा, आलेले चार स्वर पाटीवर लिहायचे आणि तंबोऱ्यावर म्हणायचे. आधी स्वरांची नावं घेत, मग नुसत्या 'आ'कारात. असे 1,296 तुकडे होऊ शकतात, म्हणजे पाठ करून येण्याची सोय नाही, वाचून सूर लावावाच लागतो. मोठी उडी आली, समजा सा वरून एकदम ध, तर लहान मुलाचा सूर हमखास घसरतो. अशा वेळी मधले स्वर मनात म्हणत वर जायला सांगा. सा रे ग प मनात, ध उघड. दोन-तीन खेपांनंतर मनातले स्वर आपोआप गळतात.

इथवर हा सुरांचा व्यायाम आहे, राग नव्हे. फाशाला चलन, म्हणजे रागाची चाल, कळत नाही. त्याने ध ध सां ध असं काही टाकलं की भूपाऐवजी देसकाराचा, म्हणजे त्याच स्वरांच्या पण ध वर जोर देणाऱ्या दुसऱ्या रागाचा, वास येतो. म्हणून दुसरा नियम घाला. प्रत्येक तुकडा ग रे सा वर आणून संपवायचा. आणि तिसरा नियम, चार तुकडे झाले की त्यांतला भूपासारखा वाटणारा एक ठेवायचा, बाकीचे पुसायचे. कोणता ठेवला आणि का, यावर मुलं भांडतात. भांडू द्या. ध प ग ठेवणारं मूल आणि ध सां ध ठेवणारं मूल समोरासमोर बसून आपापला तुकडा पुन्हा पुन्हा गातात, आणि गाऊनच निकाल लागतो. शिक्षकाने मध्ये तोंड घातलं की हा भाग संपलाच.

दोन्ही फासे आले की पाहुणा ओळखायचा खेळ. एकाने इतरांकडे पाठ फिरवून बसायचं, कुठलाही एक फासा चार वेळा टाकायचा आणि गायचं. बाकीच्यांनी सांगायचं, भूप की दुर्गा. दोन्ही फाशांत फरक एकाच बाजूचा आहे, एकावर ग, दुसऱ्यावर म. आता गंमत बघा. चार खेपांत ती बाजू एकदाही न पडण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे, 1,296 पैकी 625. म्हणजे निम्म्या वेळा खरं उत्तर "सांगता येत नाही" हेच. शिक्षकांना वाटतं खेळ बिघडला. उलट इथे तर तो रंगतो. "सांगता येत नाही" याला दोन गुण आणि नुसत्या बरोबर नावाला एक गुण ठेवा. दोन-चार खेपांत मुलं ठोकताळ्याने बोलायचं सोडून ग आणि म ची वाट बघत ऐकू लागतात.

आता ताल. तीनतालाचे सोळा चौकोन जमिनीवर आखून मुलांना चालवायचं, हे अनेक ठिकाणी करतात. पण बहुधा वहीच्या पानासारखं आखतात, चार ओळी आणि प्रत्येक ओळीत चार घरं. चौथ्या घरातून पाचव्यात जायला मुलाला अख्खी ओळ ओलांडून मागे पळावं लागतं, तिथे मात्रा लांबते. सोळाव्यावरून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येताना तर गोंधळच. वर्तुळ आखा. एक मीटर दोरीच्या एका टोकाला खडू बांधा, दुसरं टोक मध्ये दाबून धरा आणि फिरवा. परीघ सव्वासहा मीटरच्या आसपास येतो, सोळा घरं केली की एकेक घर 39 सेंटिमीटरचं, मुलाच्या पावलाला बेताचं. आधी काटकोनात दोन रेघा मारा. त्यांच्या चार टोकांपासून 1, 5, 9 आणि 13 ही घरं सुरू होतात. मग प्रत्येक पाव भागाचे निम्मे, आणि त्यांचे पुन्हा निम्मे. समेचं घर लाल खडूने भरा. नववं घर रिकामं ठेवा, तिथे टाळी नाही, हात उघडा. खोलीत जागा नसेल तर गच्चीवर जा.

चालायचं, उड्या मारायच्या नाहीत. उडीत पाय हवेत किती वेळ राहणार ते मुलाच्या हातात नसतं, त्यामुळे लय पायाच्या मागे जाते. मिनिटाला 60 ही लय ठेवा, दर सेकंदाला एक घर. तोंडाने धा धिं धिं धा. ठेका मध्येच थांबवा, जो जिथे असेल तिथेच उभा राहील आणि आपली मात्रा व बोल सांगेल. सांगता आला नाही तर शिक्षा काही नाही, पुढच्या आवर्तनात त्याने नुसतं ऐकायचं आणि समेला परत शिरायचं. समेवर बरोबर शिरणं हेच त्याचं बक्षीस.

दुगुणीसाठी, म्हणजे दुप्पट लयीसाठी, दोघांना समेवर उभं करा. एक बाहेरून मात्रेला एक घर चालेल, दुसरा आतून मात्रेला दोन. आतला दोन फेऱ्या घेतो तेव्हा बाहेरच्याची एक होते आणि दोघं नेमके समेवर भेटतात. आधी भेटले तर कुणाची तरी मात्रा पडली आहे, बघणारी मुलं लगेच ओरडतात. तिगुणीत (तिप्पट लयीत) मात्र दोघं एकदा खालीच्या म्हणजे नवव्या घरात भेटतात आणि मग समेवर. हे आधी सांगू नका, मुलांनाच सापडू द्या. तिगुणीला लय 40 वर आणा, नाहीतर आतलं मूल गरगरतं. चौगुण पायाने करायचीच नाही, ती बोटांवर.

रूपक तालाला सात घरं. वर्तुळाचे सात सारखे भाग करण्याच्या फंदात पडू नका, सात पायपुसणी गोल मांडा. पहिलं उलटं टाका, कारण रूपकात समेलाच खाली येते. मुलांचा हात सवयीने टाळीला जातो, उलटं पायपुसणं पायाखाली आलं की थांबतो.

परीक्षेचा तोंडी भाग घोकण्यापेक्षा पत्त्यांवर बरा होतो. लग्नपत्रिकांचा पुठ्ठा चांगला जाड असतो. सहा बाय नऊ सेंटिमीटरची सोळा पानं कापा आणि मागे वह्यांना घालतो तो खाकी कागद चिकटवा. नाहीतर मागच्या गणपतीवरून पान ओळखता येतं. भूप, यमन, भीमपलास, बागेश्री. प्रत्येक रागाची चार पानं, नाव, थाट (रागाचा गट), वादी-संवादी (मुख्य स्वर आणि त्याच्या खालोखालचा) आणि आरोह-अवरोह (चढते-उतरते स्वर). चौघांत चार-चार वाटा आणि गाढव खेळतात तसं एकेक पान डावीकडे सरकवत राहा. एका रागाची चारही पानं जमली की हात आपटायचा, पण आरोह-अवरोह गाऊन दाखवल्याशिवाय डाव धरायचा नाही. हे चार राग मुद्दाम घेतलेत. भूप आणि यमन दोन्ही कल्याण थाटातले. भीमपलास आणि बागेश्री दोन्ही काफी थाटातले, आणि दोघांचे वादी-संवादी म आणि सा हेच. त्यामुळे "काफी" लिहिलेलं कुठलंही पान दोन्हींना चालतं. मुलं तक्रार करतात की दोन पानं सारखीच आहेत. तशीच असू द्या. शेवटी सगळी झटापट आरोह-अवरोहाच्या पानासाठी होते आणि थाट व वादी सारखे असूनही राग वेगळे का, हा प्रश्न मुलंच विचारतात.

एका गोष्टीला माझा विरोध आहे, भिंतीवर नावांचा तक्ता लावून चांदण्या चिकटवण्याला. वरची दोन मुलं तशीही रियाज करणारच असतात. खालची दोन रोज आपलं नाव तळाला बघतात आणि पावसाळ्यात क्लास सोडतात. त्याऐवजी सगळ्या वर्गाची मिळून एक काचेची बरणी ठेवा. घरी ज्या दिवशी रियाज झाला त्या प्रत्येक दिवसाचा एक चिंचोका मुलाने आणून त्यात टाकायचा. किती टाकले ते कुणी मोजायचं नाही, खोटं बोलून टाकले तरी. दहा मुलांच्या वर्गात सातातले पाच दिवस धरले तर आठवड्याला पन्नास होतात, तेव्हा दीडेक महिन्यात भरेल अशी तीनशेची बरणी घ्या. भरली की एक तास मुलांचा, प्रत्येकाने हवं ते गायचं, पालकांनी खाली बसून ऐकायचं आणि टाळी फक्त समेवर द्यायची. पालकांची सम चुकते, आणि मुलांना सगळ्यांत जास्त आनंद त्याचाच होतो.

दोन्ही फासे आणि पत्ते मागच्या टेबलावर ठेवले आहेत, हाताळून बघा. दुर्गाच्या फाशावरची म ची बाजू थोडी पुसली आहे, ती पुन्हा लिहायची राहिली आहे.