पोरं परत का येईनात?

१ मे २०२०, कामगार दिन. त्याच रात्री नाशिकरोडवरनं भोपाळला श्रमिक स्पेशल, म्हणजे लॉकडाऊनमध्ये अडकलेल्या मजुरांना गावी नेणारी रेल्वे, सुटली, दुसऱ्या दिवशी लखनौला. त्यात बरेच जण मुंबईकडनं हायवे धरून पायी निघालेले, इथल्या निवारा केंद्रात अडकलेले. पण त्यांच्या पाठोपाठ सातपूर-अंबड या नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत काम करणारी परप्रांतातली पोरं पण गेली, कुणी ट्रकमध्ये बसून, कुणी चालत.

मग जूनमध्ये अनलॉक झालं, कंपन्या उघडल्या, ऑर्डरी पण यायला लागल्या, आणि एमआयडीसीत जिकडं तिकडं एकच रड, माणूस मिळंना.

छोट्या वर्कशॉपमध्ये म्हणजे काय होतं बघा, प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापायचं मशीन, चालवणारा गेला की प्रेस बंद, अन् नवीन माणूस लगेच उभा करता येत नाही, डाय म्हणजे साचा बसवायचा कसा, पत्रा कुठवर सरकवायचा, हात कधी मागे घ्यायचा, हे अंगात मुरायला वेळ लागतो आणि चुकलं तर बोटं जातात हो. बिल्डिंगच्या साईटवर पण तेच, सेंट्रिंगवाले, म्हणजे स्लॅबखाली फळ्या-टेकू बांधणारे, नाहीत म्हणून स्लॅब अडकलेले.

आपल्याकडं तेव्हा लोक सरळ म्हणायचे, गावाकडं फुकट रेशन मिळतंय, कशाला येतील. मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. अहो, यायचं कसं? १ जूनपासून ज्या गाड्या सुरू झाल्या त्यात जनरल डब्याला पण रिझर्वेशन लागायचं, म्हणजे ऐनवेळी तिकीट काढून डब्यात शिरायची सोयच नव्हती. तिकडं जुलैत भाताची लावणी, नोव्हेंबरात दिवाळी आणि छठ. इकडं चुंचाळे, श्रमिकनगरच्या खोल्यांची भाडी थकलेली, कुणाचा मार्चचा पगार ठेकेदाराकडं अडकलेला, आणि ठेकेदार फोन उचलत नाही. परत लॉकडाऊन लागलं तर काय, ही भीती वेगळीच, आणि ती खोटी पण नव्हती, एप्रिल २०२१ मध्ये कडक निर्बंध परत आलेच की.

ज्यांनी स्वतः तिकिटं काढून पाठवली, जुना हिशोब चुकता केला, खोलीचं बघितलं, त्यांच्याकडं माणसं आधी आली. बाकीच्यांच्या गेटवर बोर्ड लागले, वेल्डर पाहिजे, फिटर पाहिजे, आणि मग काहींनी खाली एक ओळ वाढवली, राहण्याची सोय केली जाईल. मार्चमध्ये हीच सोय असती तर कितीतरी पोरं गेलीच नसती.