एका कुंडीला एकच पाणी

नमस्कार. पाचसहा झाडं एकत्र लावलेली पसरट बशी हल्ली नर्सरीत हमखास दिसते. मधे जेड, शेजारी सिंगोनियम, कडेला नेचा, पुढे एखादं कोलियस आणि वर पांढरे खडे. घेताना ती अतिशय सुंदर असते. घरी आणल्यावर दीड महिन्यात तिच्यातलं एक झाड जातं, पुढच्या महिन्यात दुसरं. नेच्याला जपून रोज पाणी घातलं तर जेडचं खोड बुडाशी मऊ पडून आडवं होतं. जेडला जपून चार दिवसांनी पाणी दिलं तर नेचा करपतो. अशा वेळी लोक स्वतःला दोष देतात, पण ती बशी लावतानाच चुकलेली असते. कुंडीतली माती एकच, तिच्यात पडणारं पाणीही एकच. जमिनीत झाड मुळं लांबवून आपल्या सोयीची ओल शोधतं, कुंडीत ती मुभा नसते. म्हणून जोडी जमवताना पहिल्यांदा पाणी जुळवायचं, मग ऊन, मग आयुष्य. रंग आणि उंची सगळ्यांत शेवटी. बहुतेक जण नेमके उलट क्रमाने जातात.

पाण्याच्या हिशोबाने गॅलरीतल्या झाडांचे तीन गट पडतात. माती पूर्ण सुकल्यावरच पाणी मागणारी : अडेनियम, जेड, कोरफड, स्नेक प्लांट, ऑफिस टाइम (पोर्टुलाका), पानओवा. वरची दोन बोटं माती सुकली की पाणी मागणारी : सदाफुली, पेंटास, मिरची, तुळस, मनी प्लांट, शेवंती. आणि कायम ओलसर लागणारी : नेचे, पीस लिली, अळू, कर्दळ, पुदिना, बहुतेक पालेभाज्या. शेजारशेजारच्या दोन गटांतली झाडं एकत्र आणणं थोडं जिकिरीचं असतं, पण लक्ष दिलं तर जमतं. पहिला आणि तिसरा गट मात्र एका कुंडीत नांदत नाही.

बोगनवेलीचं उदाहरण घ्या. तिला ताण बसल्याशिवाय फुलं भरभरून येत नाहीत. पाणी तोडायचं, पानं किंचित मलूल होऊ द्यायची, मग पाणी द्यायचं. तिच्या बुडाशी मोकळी जागा दिसते म्हणून कोणी पालक टाकतं, कोणी कोलियस. त्यांच्यासाठी रोज पाणी सुरू होतं आणि बोगनवेल नुसत्या हिरव्या फांद्या फेकत राहते. बुडाशी काही हवंच असेल तर ऑफिस टाइम लावा. तिलाही तेच कडक ऊन आणि तीच कोरडी माती आवडते.

ऋतूप्रमाणे झाडाचं पाणी बदलतं हेही लक्षात ठेवायला हवं. अडेनियम थंडीत विसावतं, पानं गाळतं, त्याची तहान अगदी कमी होते. त्याच वेळी त्याच कुंडीत पिटुनिया लावला तर तो भर फुलावर असतो आणि जवळपास रोज पाणी मागतो. कॅलेडियम पावसाळ्यात बहरतं आणि थंडी लागली की मातीत कंद ठेवून वरून नाहीसं होतं. त्या जागी चारपाच महिने खड्डा दिसतो, म्हणून कॅलेडियम कुंडीच्या मधे नको, कडेला लावावं.

आता मापं. १२ इंची कुंडी म्हणजे तोंडाचा व्यास १२ इंच. खाली निमुळती असल्याने तिच्यात साधारण १५ लिटर माती मावते. १८ बाय १८ इंचांच्या ग्रो बॅगेत काठोकाठ भरली तर ७० लिटर. हा फरक दिसतो त्याहून फार मोठा आहे. मिरचीच्या एका झाडाला १० लिटर माती लागते, वांग्याला १५, टोमॅटोला २०. म्हणजे १२ इंची कुंडीत टोमॅटो आणि मिरची शेजारी लावणं हे दोघांनाही अर्धपोटी ठेवणं आहे. शोभेच्या झाडांना १२ इंची कुंडीत तीन रोपं, १४ इंचीत पाच ते सहा, हे प्रमाण पुरे. लावल्याच्या दिवशी कुंडी विरळ दिसते. दिसू द्या, दोन महिन्यांत ती भरते. भरगच्च लावलेल्या कुंडीत पावसाळ्यात पानं पानांना चिकटून राहतात, वारा खेळत नाही आणि करपा व बुरशी पसरते. वजनाचाही विचार हवा. ७० लिटरची बॅग नुसत्या मातीने भरून भिजवली तर शंभर किलोच्या आसपास जाते. गॅलरीत अशा तीन बॅगा ठेवण्याआधी इमारतीच्या इंजिनिअरला विचारलेलं बरं.

मातीबद्दल. काळी माती कुंडीत नको. ती भिजली की फुगते, सुकली की आकसून कुंडीच्या कडा सोडते आणि पाणी कडेकडेने सरळ खाली निघून जातं. मिश्र कुंडीला चार भाग लाल पोयटा माती, तीन भाग भिजवून धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तीन भाग चाळलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, आणि १५ लिटरला दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट धुवायचं कारण म्हणजे त्यात मीठ असतं. दोनतीनदा पाणी बदलून पिळून घ्यावं. पहिल्या गटातल्या झाडांसाठी कोकोपीट कमी करून जाडी वाळू किंवा पर्लाइट (हलके पांढरे खनिज कण) तीन भाग घालावं.

तळाला खडे घालण्याची पद्धत मात्र सोडून द्या, असं माझं स्पष्ट मत आहे. खड्यांमुळे निचरा सुधारत नाही. बारीक मातीतून पाणी जाड खड्यांत सहज उतरत नाही. ते सांध्यावर अडकतं आणि ओलीचा थर वर सरकून मुळांच्या जवळ येतो. भोकावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरतो, बाकी सगळी माती.

लावतानाची सगळ्यात मोठी अडचण नर्सरीच्या पिशवीतल्या मातीची असते. आपल्याकडे रोपं बहुतेक घट्ट लाल मातीच्या गोळ्यात येतात. तो गोळा तसाच भुसभुशीत मिश्रणात बसवला की पाणी सोप्या वाटेने त्याच्या आजूबाजूने वाहून जातं आणि आतला गोळा कोरडा ठणठणीत राहतो. वरून माती ओली, बोट घातलं तरी ओली, आणि झाड सुकतंय. मग आपण आणखी पाणी घालतो आणि शेजारचं झाड कुजतं. यावर उपाय असा : पिशवीसकट रोप बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. मग पिशवी फाडून बाहेरची एकतृतीयांश माती हलक्या हाताने मोकळी करा, गोल फिरलेली मुळं कात्रीने तीनचार ठिकाणी कापा. सगळी रोपं आधी पिशवीसकट कुंडीवर मांडून पाहा. सर्वांत मोठा गोळा पहिल्यांदा बसवा, दोन गोळ्यांत किमान दोन इंच अंतर ठेवा. रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच खोल बसवा. वर दीड इंच जागा पाण्यासाठी रिकामी. तळातून पाणी येईपर्यंत भिजवा आणि चारपाच दिवस सावलीत ठेवा.

शोभेच्या कुंडीत एक उभं, दोनतीन भरीव आणि एकदोन लोंबती झाडं हवीत. सकाळचं तीनचार तास ऊन येणाऱ्या पूर्वेच्या गॅलरीसाठी १४ इंची कुंडीत सॉन्ग ऑफ इंडियाचं एक रोप थोडं मागे, पुढे कोलियसची तीन रोपं, कडेला वांडरिंग ज्यूच्या दोन काड्या. कोलियस सहा इंच झालं की शेंडा खुडायचा, तुरा दिसला की मोडायचा, नाहीतर ते काटकुळं होतं. पाचसहा महिन्यांत त्याचं खोड लाकडासारखं होतं. तेव्हा शेंड्याच्या काड्या पाण्यात मुळवून नवीन लावायच्या. वांडरिंग ज्यू मोकळं सोडलं तर सगळी कुंडी झाकून टाकतं, दर पंधरवड्याला छाटावंच लागतं. कुंडी आठवड्याला पाव फेरी फिरवली की सगळी झाडं सरळ वाढतात. उत्तरेकडच्या, ऊन न येणाऱ्या गॅलरीत पीस लिली, सिंगोनियम आणि नेचा हे त्रिकूट वर्षानुवर्षं टिकतं, कारण तिघांनाही ओल आणि सावलीच हवी असते.

भाजीची बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण तिथे जागेबरोबर वेळेचीही वाटणी करता येते. ऑक्टोबरमध्ये १८ इंची बॅगेत टोमॅटोचं रोप लावलं की पुढचा महिना-सव्वा महिना बॅगेची बरीचशी जागा उघडी असते. त्याच दिवशी रोपापासून सहा इंच अंतर सोडून कडेने मेथी टाका, दुसऱ्या बाजूला मुळ्याचं बी किंवा पालक. मेथी २५ ते ३० दिवसांत निघते, पालकाची पहिली कापणी महिन्याने, मुळा ४० ते ४५ दिवसांत. टोमॅटोची पानं पसरून सावली करायला लागेपर्यंत ही मंडळी ताटात गेलेली असतात. काढताना मेथी उपटू नका, मातीलगत कापा. उपटताना टोमॅटोची कोवळी मुळं तुटतात. मुळा उपटावाच लागतो, म्हणून तो टोमॅटोपासून जरा लांबच पेरा. कोल्हापूरच्या श्रीपाद अ. दाभोलकरांनी शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या ‘प्रयोग परिवारा’तून थोड्या जागेत जास्तीत जास्त ऊन पानांवर झेलण्याचा जो आग्रह धरला, तो इथे बॅगेएवढ्या जागेतही उपयोगी पडतो. उघडी माती म्हणजे वाया गेलेलं ऊन.

या जोडीत एक चूक नेहमी होते. पालेभाजी जोमात यावी म्हणून नत्राचं खत भरपूर दिलं जातं. मग टोमॅटो पानांनी माजतो आणि फूल धरत नाही. पालेभाजी असेपर्यंत १५ दिवसांनी दोन मुठी गांडूळखत एवढंच द्या. ती निघाल्यावर, टोमॅटोला फूल दिसलं की पोटॅश द्या. ०:०:५० (नत्र आणि स्फुरद शून्य, पोटॅश ५० टक्के) हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम, १५ दिवसांतून एकदा.

टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा ही एकाच कुळातली. ती एका बॅगेत नकोत. एकाला मर लागली की त्याच मातीतून दुसऱ्याला लागते, पांढरी माशी एकावरून दुसऱ्यावर सहज जाते. मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावण्याची अमेरिकेतल्या मूलनिवासींची पद्धत पाहून अनेक जण ती कुंडीत करतात. ती पद्धत शेतातली आहे. तिथे मका आधी वाढू देतात आणि भोपळ्याला पसरायला जमीन असते. बॅगेत भोपळा सगळं पाणी आणि खत ओढून घेतो, मका खुरटतो आणि घेवड्याला चढायला आधार उरत नाही.

घेवडा-चवळीबद्दल आणखी एक समज आहे, की त्यांच्या मुळांवरच्या गाठींतून शेजारच्या झाडाला नत्र मिळतं. जिवंत असताना ते बहुतांशी स्वतःच वापरतात. फायदा मिळतो तो मागून येणाऱ्याला. शेंगा संपल्या की वेल मातीलगत कापा, मुळं आत कुजू द्या आणि तीनेक आठवड्यांनी त्या जागी पालक किंवा लाल माठ पेरा.

झेंडूचंही तसंच. झेंडूच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्याने सूत्रकृमी (मुळांना लागणारे मातीतले सूक्ष्म जंत) कमी होतात हे खरं आहे, पण त्यासाठी मातीत झेंडू दाट लावून दोनतीन महिने वाढवावा लागतो. टोमॅटोशेजारच्या एका झाडाने ते काम होत नाही. बुटका झेंडू कडेला जरूर लावा, मधमाश्या येतात. मात्र मार्च उजाडला, हवा कोरडी तापली की झेंडूवर लाल कोळी येतो, पानाच्या मागे बारीक जाळी धरतो आणि तिथून वांग्यावर, टोमॅटोवर सरकतो. जाळी दिसली की झेंडू काढून टाका, मोह ठेवू नका.

पुदिना कुणाच्याही कुंडीत मोकळा सोडू नये, त्याचे धुमारे मातीखालून सगळीकडे जातात. मोठ्या कुंडीत तो हवाच असेल तर त्याला सहा इंची कुंडीतच ठेवून ती कुंडी मातीत बसवा, काठ पाऊण इंच वर राहू द्या. महिन्यातून एकदा उचलून तळाच्या भोकातून बाहेर आलेली मुळं कापा. गवती चहाला तर स्वतंत्र कुंडीच द्या. वर्षभरात त्याचं बेट १२ इंची कुंडी भरून टाकतं.

मिश्र कुंडीत कीड लपते. पिठ्या ढेकूण कोलियस, क्रोटन, जास्वंद सगळ्यांवर येतो आणि पानांच्या बेचक्यात बसतो. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की आधी फांद्या बाजूला करून बेचकी तपासा. सापडला तर ओल्या बोळ्याने पुसा, मग लिटरभर पाण्यात निंबोळी तेल ५ मिली आणि द्रव साबण १ मिली मिसळून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा.

पाणी ठरावीक वाराला घालू नका. १२ इंची कुंडीतली तीन भरलेली झाडं एप्रिल-मेच्या उन्हात दिवसाला दीड-दोन लिटर सहज पितात, तीच ऑगस्टमध्ये चार दिवस थांबतात. मोठ्या बॅगेत वरची माती सुकलेली आणि खालची चिंब असते, म्हणून बोटावर न थांबता बांबूची काडी आठ इंच खोल घालून पाच मिनिटांनी काढा. काडी गडद ओली निघाली तर थांबा. बोअरचं पाणी वापरत असाल तर मातीवर, कुंडीच्या बाहेर पांढरी पुटं चढतात. महिन्यातून एकदा कुंडीच्या मापाइतकं साधं पाणी दोन टप्प्यांत ओतून क्षार धुऊन काढा.

शेवटी नेहमी विचारला जाणारा प्रश्न : एक झाड मेलं तर काय करायचं? ओढून काढू नका, शेजाऱ्यांची मुळं त्यात गुंतलेली असतात. मातीलगत कापा आणि मुळाचा एक तुकडा उकरून पाहा. तो कोरडा, कडक असेल तर मुळं तशीच राहू द्या. काळा, बुळबुळीत आणि वास येणारा असेल तर तेवढी माती खुरप्याने काढून टाका, नवीन मिश्रण भरा आणि आठ दिवस पाणी कमी करा. नंतर तिथे मोठं रोप न लावता मुळवलेली काडी किंवा छोट्या पिशवीतलं रोप लावा, म्हणजे खड्डा लहान राहतो. पहिले दोन आठवडे त्याच्या बुडाशी वेगळं अर्धा पेला पाणी घाला, बाकीच्या कुंडीला नेहमीचंच.