कडक भाकरी आणि शंभर किलोमीटर

(पहाट. चार हुतात्मा चौक. रस्त्याच्या दिव्याखाली ओळीने उभ्या सायकली.)

सोलापूर. पहाटेचे साडेपाच. जानेवारी असला तरी इथली थंडी कानटोपीपुरतीच. पुण्याहून हंपीला निघालेला हा सायकलस्वारांचा गट काल संध्याकाळी शहरात पोचला. आज विजयपूर, म्हणजे पूर्वीचं विजापूर, गाठायचं, सरळ रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर. हवा, ब्रेक, मागचे लाल दिवे तपासून होतात. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्या पुतळ्यांना हात जोडून सगळे विजापूर रोडला लागतात.

(आदली रात्र. परात, पीठ, थापणारे हात.)

आजच्या दिवसाची खरी तयारी काल रात्री या स्वयंपाकघरात झाली. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळलं जातं. गोळा परातीत पडतो आणि तळहाताखाली फिरत फिरत पसरतो. मावशींची नजर भाकरीवर नाही, आमच्याशी गप्पा चालल्या आहेत. तरी कड कुठे जाड नाही, कुठे चिरलेली नाही. तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची. एरवी भाकरी इथे झाली. ही मात्र भाजून झाल्यावर चुलीच्या कडेला उभी करून ठेवतात, अंगातलं पाणी पार निघून जाईपर्यंत. मग ती कित्येक दिवस टिकते. सोबत उखळात तेल सुटेस्तोवर कुटलेली शेंगाचटणी.

गटातल्या काहींच्या खिशात चकचकीत कागदातल्या वड्या आहेत. एकेका वडीची किंमत सांगितली तेव्हा मावशींनी थापायचं थांबवून वर पाहिलं. "आन् पोट भरतंय का त्यानं?"

(सकाळ. सीना नदीवरचा पूल. उसाचे ट्रॅक्टर.)

वडकबाळजवळ सीना ओलांडली की दोन्ही अंगांना ऊस. साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर जिल्हा राज्यात आघाडीवर आहे आणि या दिवसांत गाळप जोरात असतं. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना तांबडी पट्टी, बाहेर लोंबणारी उसाची टोकं. सायकलवाल्याला पांढऱ्या रेषेबाहेरची हातभर पट्टी तेवढी आपली. अशाच एका ट्रॉलीला जागा देताना एकजण खडीवर घसरला; कोपर सोलपटलं, तो मागच्या टेम्पोत बसला.

(ज्वारीचं शेत. कणसांवर ऊन.)

आणि ही ज्वारी. मालदांडी. परतीच्या पावसाने काळ्या रानात जी ओल राहते तिच्यावर ही येते. कॅनॉल नाही, मोटार नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवड झालेलं एम ३५-१ हे वाण आजही शेतकरी सोडत नाही, कारण दाणा मोत्यासारखा आणि कडबा गुरांना गोड. शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. पाण्याची सोय झाली की पहिल्यांदा मोडतं ते मात्र ज्वारीचंच रान.

बांधावरचे आजोबा बराच वेळ सायकली न्याहाळतात.

"हे चालवायचं पैसे देतेत का ओ तुमाला?"

नाही म्हटल्यावर ते हुरड्याची दोन कणसं हातात ठेवतात.

(हत्तरसंग कुडल. भीमा-सीनेचा संगम. मंदिर.)

महामार्ग सोडून डावीकडे आत वळलं की वाट वाढते, पण कुडल टाळून पुढे जाणं कुणालाच पटलं नाही. इथे सीना भीमेला मिळते. काठावर संगमेश्वराचं मंदिर, आवारात शेकडो मुखं कोरलेलं शिवलिंग. मंदिराच्या तुळईवर शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा शिलालेख आहे. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत तो मोडतो. 'वाछि तो विजेया होईवा', म्हणजे जो वाचेल तो विजयी होईल. मोबाईलच्या उजेडात एकेक अक्षर लावत सगळे वाचतात. विजयी झाल्यावर उरलेले किलोमीटर मोजतात. ते अर्ध्याहून जास्त भरतात.

मंदिराबाहेर सावलीला डबे उघडतात. हँडलच्या पिशवीत भाकरीचे तुकडे झालेत. बिघडलं काय? ही चुरूनच खायची. दही, चटणी, वरून कच्चा कांदा. पोटात हळूहळू पचत राहते, तासाभराने पुन्हा भूक लागत नाही. पुण्यातल्या मंडळींनी हे मान्य केलं. चकचकीत वड्या पिशवीतच राहिल्या.

(टाकळी. भीमेचा पूल.)

टाकळीला भीमा. उजनी धरणातून नदीत सोडलेलं पाणी खाली औज बंधाऱ्यात अडवतात आणि टाकळीहून उचलून सोलापूरच्या नळांना देतात. पूल संपतो तिथे धुळखेड, म्हणजे कर्नाटक. पाट्यांची लिपी बदलते. रानं तीच, ज्वारी तीच.

झळकी, होर्ती. दुपारचं ऊन, डाव्या अंगावर वारा, चढ-उतार. पोटऱ्यांत गोळे आल्याने आणखी दोघे टेम्पोत. इंडी तालुक्याची लिंबं प्रसिद्ध. एका टपरीवर मीठ घातलेल्या सरबताचे ग्लास रिकामे होत राहतात.

(संध्याकाळ. गोल घुमट.)

१६५६ साली पूर्ण झालेला मुहम्मद आदिलशहाचा हा मकबरा शहरात शिरायच्या आधीपासून दिसतो. आत जायची वेळ टळून गेली आहे, म्हणून आज बाहेरूनच. उद्या आलमट्टीच्या बाजूने कृष्णा ओलांडायची. निघायची वेळ साडेपाच. कोपर सोलपटलेल्या गड्याने डॉक्टरांना विचारून नाव परत यादीत घातलं आहे.