शेकडा किती, पण कशाचे?

नमस्कार, श्रोतेहो.

दाढ ठणकायला लागली की आपण आयबुप्रोफेनची गोळी घेतो आणि झोपतो. ती बनवताना मागे काय उरलं, हे पाकिटावर छापलेलं नसतं. रसायनशास्त्रज्ञ रॉजर शेल्डन यांनी १९९२ साली हा हिशेब मांडला. तेलशुद्धीकरणात किलोभर मालामागे कचरा शंभर ग्रॅमच्या आत. औषधनिर्मितीत तोच २५ ते १०० किलो, तोही पाणी न धरता!

यात मोठा वाटा सॉल्व्हंटचा, म्हणजे रसायनं विरघळवायला वापरलेल्या द्रवाचा. औषधाचे स्फटिक गाळून घेतल्यावर जे द्रव उरतं, त्याला कारखान्यात ‘मदर लिकर’ म्हणतात. नाव आईचं, वागणूक सावत्र. मी काही वर्षं एका बल्क ड्रग, म्हणजे औषधाचा मूळ घटक बनवणाऱ्या कारखान्याच्या सॉल्व्हंट रिकव्हरी विभागात होतो. टोल्युइन हे सॉल्व्हंट उकळतं ११० अंशांना, मिथेनॉल हे दुसरं ६५ला. वाटतं, तापवलं की झाले वेगळे. पण एकत्र असले की दोघं हातात हात घालून ६४ अंशांच्या आसपासच वर येतात. मग त्यात पाणी सोडायचं. मिथेनॉल पाण्याबरोबर खाली जातं, टोल्युइन आमटीवरच्या तवंगासारखं वर तरंगतं. खालचा थर काढताना साइट ग्लासवर, म्हणजे आतलं दिसणाऱ्या काचेवर, डोळे लावून बसायचं, दोन थरांमधली रेषा आली की व्हॉल्व्ह बंद. एकदा रात्रपाळीत माझी डुलकी लागली आणि टोल्युइन थेट ईटीपीकडे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाकडे गेलं. तिथल्या ऑपरेटरने फोनवर जे ऐकवलं, ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

बरं, ते पाण्यातलं मिथेनॉल पुन्हा उकळून काढायचं. म्हणजे वाफ आली, बॉयलर आला, इंधन आलं. पुनर्वापर फुकट होत नाही.

आता पुनर्वापराच्या टक्केवारीकडे येऊ. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना आपल्या कचऱ्याचा तपशील जाहीर करायला लावलाय. चांगलंच केलं. पण कारखान्याने टोल्युइन आतल्या आत उकळून, शुद्ध करून परत वापरलं, तर ते बहुधा कचऱ्यात मोजलंच जात नाही. तेच पिंपांत भरून बाहेरच्या रिसायकलरकडे धाडलं, की ‘पुनर्वापर’ वाढतो. उकळून उरलेला डांबरासारखा काळा गाळ सिमेंटच्या भट्टीत जळतो, त्यालाही कधी कधी याच रकान्यात जागा मिळते.

समजा, एक कारखाना किलोमागे शंभर किलो कचरा करतो आणि नव्वद टक्के परत वापरतो. उरले दहा किलो. दुसरा करतोच दहा किलो आणि निम्माच वापरतो. उरले पाच. बक्षीस मात्र नव्वदवाल्याला!

आयबुप्रोफेनचंच घ्या. जुन्या पद्धतीत सहा पायऱ्या होत्या आणि कच्च्या मालातल्या अणूंपैकी वजनाने ४० टक्केच औषधात उतरत. १९९२ साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या बिशप इथे तीन पायऱ्यांचा कारखाना सुरू झाला आणि हे प्रमाण ७७ टक्क्यांवर गेलं. सोबत तयार होणारं अ‍ॅसेटिक आम्ल गोळा करून वापरलं, तर ९९ टक्क्यांपर्यंत. तिथे मधल्या ३७ टक्क्यांचा कचरा झालाच नाही आणि पुनर्वापराच्या रकान्यात त्याची नोंद करायला जागाच नाही.