बार भरला, दिवा लुकलुकतोय: पेन ड्राइव्ह कधी काढायचा, हे पडद्यानंच सांगावं

[पडदा दोन भागांत. डावीकडे फाइल कॉपी होतानाचा बार, उजवीकडे पेन ड्राइव्हचा दिवा, अगदी जवळून.]

डावीकडचा बार भरला. शंभर टक्के. खिडकी आपोआप बंद झाली. आता उजवीकडे बघा. दिवा अजून लुकलुकतोय.

पडदा म्हणतो काम झालं, आणि पेन ड्राइव्ह अजून लिहितोय. पडद्याचं ऐकून हात पुढे करणाऱ्या माणसाची यात काहीच चूक नाही.

[टर्मिनल. काळ्या पडद्यावर दोन ओळी, दर सेकंदाला बदलणारे आकडे.]

हा लिनक्स आहे. फाइल कॉपी करताना कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ती थेट पेन ड्राइव्हवर लिहीत नाही, आधी रॅममध्ये ठेवतो. प्रोग्रॅमला सांगतो, ‘घेतली’. प्रोग्रॅम बार पुढे सरकवतो. प्रत्यक्ष लिहिणं मागून, सवडीनं चालतं. ‘मेमइन्फो’ या मेमरीचा हिशोब देणाऱ्या फाइलमधल्या या दोन ओळी तेच दाखवतात. ‘डर्टी’ म्हणजे रॅममध्ये आहे पण अजून लिहिलेलं नाही. ‘राइटबॅक’ म्हणजे या क्षणी लिहिलं जातंय. बार भरला तेव्हा ‘डर्टी’चा आकडा किती मोठा होता, आणि किती सावकाश खाली येतोय, तेवढंच बघत राहा.

हिशोब सरळ आहे. कर्नलच्या मूळ सेटिंगनुसार उपलब्ध मेमरीच्या १० टक्क्यांपर्यंत न लिहिलेला मजकूर साचला की मागचं लिहिणं सुरू होतं, आणि २० टक्क्यांना कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमलाच थांबवलं जातं. त्याआधीही ३० सेकंदांपेक्षा जुना झालेला मजकूर लिहायला घेतला जातो. समजा ६ जीबी मेमरी मोकळी आहे. मग ७०० एमबीची फाइल अख्खी रॅममध्ये मावते आणि बार काही सेकंदांत भरतो. साधा यूएसबी २.० पेन ड्राइव्ह सेकंदाला ८ एमबी लिहीत असेल, तर त्याच फाइलला जवळपास दीड मिनिट हवं. मधला सगळा वेळ पडदा गप्प. रॅम जितकी जास्त, तितकी ही दरी मोठी. महागड्या मशिनवर धोका वाढतो, कमी होत नाही.

पेन ड्राइव्हवर फाइली मांडण्याची पद्धत फॅट३२ असेल तर डेस्कटॉपमागचं, ड्राइव्ह जोडणारं यूडिस्क्स ‘फ्लश’ हा पर्याय लावून ड्राइव्ह जोडतं. त्यानं लिहायला सुरुवात लवकर होते. पण ‘सुरुवात झाली’ आणि ‘संपलं’ यांत फरक राहतोच.

[यूएसबी प्लगचं तोंड, भिंगातून. चार सोनेरी पट्ट्या.]

या चार पट्ट्यांची लांबी सारखी नाही. बाहेरच्या दोन लांब आहेत, त्या विजेच्या. आतल्या दोन आखूड, त्या माहितीच्या. घालताना आधी वीज जुळते, काढताना आधी माहिती तुटते. चालू मशिनमधून प्लग ओढला तरी विद्युतदृष्ट्या काही बिघडू नये, याची काळजी या रचनेत घेतलेली आहे. म्हणून ‘काढताना शॉर्ट होईल’ ही भीती बाजूला ठेवा. नुकसान होतं ते अर्धवट लिहिलेल्या मजकुराचं, आणि त्याबद्दल या पट्ट्यांना काहीच कळत नाही.

[जुना मॅकिंटॉश. फ्लॉपी स्वतःहून बाहेर सरकते.]

१९८४च्या मॅकिंटॉशला फ्लॉपी काढायचं बटणच नव्हतं. आत मोटर होती. काढायला सांगितलं की लिहिणं पूर्ण करून मशीनच फ्लॉपी बाहेर ढकलायचं. घाईच असेल तर एका बारीक छिद्रात सरळ केलेली कागदाची पिन खुपसावी लागायची. सीडीच्या ड्राइव्हमध्येही वापर चालू असताना कप्पा सॉफ्टवेअरनं कुलूपबंद करता येतो. यूएसबीला असं कुलूप नाही. २००० साली पहिले पेन ड्राइव्ह बाजारात आले, तेव्हापासून मोटरचं ते काम पडद्यावरच्या एका ओळीवर येऊन पडलंय. म्हणून त्या ओळीत काय लिहिलंय याला इतकं महत्त्व आहे.

[लिनक्सच्या ग्नोम डेस्कटॉपवरच्या ‘फाइल्स’ या प्रोग्रॅमची डावी पट्टी. कर्सर इजेक्टच्या चिन्हावर. क्लिक.]

इथे क्लिक केलं. लिहिणं शिल्लक असेल तर ग्नोम सूचना देतो: लिहिणं चालू आहे, संपेपर्यंत काढू नका. मग दुसरी सूचना: आता काढता येईल. हे शब्द चांगले आहेत, नेमके आहेत. पण ते येतात कधी? क्लिक केल्यावर. ज्यानं बार भरलेला बघून थेट प्लग ओढला, त्याला ते दिसलेच नाहीत. शिवाय सूचना काही सेकंदांत वर सरकून जाते. त्या वेळी नजर दुसरीकडे असली की गेली.

सूचनेत ‘अजून इतके एमबी बाकी’ असा आकडा का नसतो, यालाही कारण आहे. ‘डर्टी’चा आकडा सगळ्या मशिनचा एकत्र असतो, त्यात हार्ड डिस्कचाही मजकूर आला. एकेका उपकरणाचा वेगळा आकडा कर्नल ठेवतो, पण तो डीबगच्या फाइलींमध्ये, आणि त्या फक्त रूटला, म्हणजे मशिनच्या प्रशासकाला, वाचता येतात. साध्या डेस्कटॉप प्रोग्रॅमला तो मिळत नाही. हा आकडा सुरक्षितपणे बाहेर आणणं हे खरं करण्यासारखं काम आहे. त्याआधीही एक गोष्ट आजच करता येते. कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमनं शेवटी ‘एफसिंक’, म्हणजे सगळं खरोखर लिहून झाल्याची कर्नलची खात्री, मागावा, आणि त्याचं उत्तर आल्याशिवाय खिडकी बंद करू नये. बार सावकाश भरेल. भरू दे. तो खरा असेल.

[मेनू उघडतो. तीन पर्याय एकाखाली एक.]

फाइल व्यवस्थापकांत हे तीन पर्याय दिसलेत: अनमाउंट, इजेक्ट, सेफली रिमूव्ह ड्राइव्ह. तिन्हींची कामं वेगळी आहेत. अनमाउंट उरलेलं लिहितं आणि एका पार्टिशनची, म्हणजे ड्राइव्हच्या एका भागाची, फाइल सिस्टिम सोडवतं. त्याच पेन ड्राइव्हवर दुसरं पार्टिशन असेल तर ते जोडलेलंच राहतं. इजेक्ट सगळ्या ड्राइव्हला ‘माध्यम बाहेर काढ’ सांगतं. ही आज्ञा मूळची सीडीसारख्या उपकरणांची, पेन ड्राइव्हमध्ये बाहेर काढण्यासारखं काही नसतं. तिसरा पर्याय उपकरणाची कॅश (लिहिण्याआधीचा तात्पुरता साठा) रिकामी करवतो, फिरणारी डिस्क असेल तर ती थांबवतो, आणि उपकरण यूएसबीवरून सोडतो. ते पुन्हा दिसायला प्लग काढून परत घालावा लागतो. दोन खाचांच्या कार्ड रीडरवर हा तिसरा पर्याय वापरला की दुसऱ्या खाचेतलं कार्डही नाहीसं होतं. माणसाला हवं असतं एकच: ही वस्तू आता हातात घेऊ का? मग बटणही एकच हवं, आणि दुसरं पार्टिशन किंवा दुसरं कार्ड असेल तर त्याचं नाव घेऊन विचारायला हवं.

[विंडोज. ‘हे उपकरण वापरात आहे’ असं सांगणारी खिडकी.]

उपकरण वापरात आहे, प्रोग्रॅम बंद करा. कुठला प्रोग्रॅम? खिडकी सांगत नाही. पण विंडोजला माहीत असतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडा. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम. ‘कर्नल-पीएनपी’ या स्रोताची २२५ क्रमांकाची नोंद शोधा. हे बघा, अडवणाऱ्या प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता आणि त्याचा प्रोसेस क्रमांक. जे नाव चार क्लिक आत लिहून ठेवलंय, ते या खिडकीतच यायला हवं होतं.

लिनक्सवरचे ग्नोम आणि केडीई प्लाझ्मा हे दोन्ही डेस्कटॉप अडवणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव दाखवतात. पण टर्मिनलमध्ये कुणी पेन ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये शिरून बसलं असेल, तर यादीत शेलचं, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं, नाव येतं आणि ‘इथे तर काहीच उघडं नाही’ असं वाटतं. अशा वेळी टर्मिनलमध्ये ‘सीडी’ ही फोल्डर बदलण्याची आज्ञा देऊन त्या फोल्डरमधून बाहेर या, किंवा कोण वापरतंय ते सांगणाऱ्या ‘फ्यूझर’ला माउंटचा, म्हणजे ड्राइव्ह जिथे जोडलाय त्या फोल्डरचा, पत्ता देऊन विचारा. ग्नोमच्या खिडकीत ‘तरीही अनमाउंट करा’ असंही बटण असतं. उघड्या फाइलीत जतन न केलेलं काही असेल तर ते दाबू नका.

विंडोजनं दुसरी एक गोष्ट मात्र नीट केली. विंडोज १०च्या २०१८मधल्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हे मूळ धोरण आहे: विंडोज त्या ड्राइव्हसाठी लिहिण्याची कॅश ठेवत नाही, त्यामुळे कॉपी संपली म्हणजे बहुतेक वेळा खरोखर संपलेली असते. तुमच्याकडे कुठलं धोरण आहे ते डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघा: खालच्या भागात डिस्कच्या नावावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, मग पॉलिसीज. तिथे ‘बेटर परफॉर्मन्स’ निवडलेलं असेल, तर काढण्याआधी घड्याळाजवळच्या ट्रेमधलं इजेक्टचं चिन्ह वापरायलाच हवं.

[मॅक. कोपऱ्यात सूचना.]

मॅक सांगतो, डिस्क नीट इजेक्ट केली नाही. प्लग हातात आल्यानंतर.

[रिकामं फोल्डर. शून्य केबीची फाइल. दुरुस्तीचा प्रोग्रॅम.]

अर्धी फाइल, शून्य केबीची फाइल, कधी फाइलींचा अख्खा तक्ता बिघडलेला. फॅट आणि एक्सफॅट या पद्धतींना जर्नल, म्हणजे बदलांची आधीच करून ठेवलेली नोंद, नसल्यामुळे हे जास्त घडतं, आणि विंडोजवर ‘चेकडिस्क’, लिनक्सवर ‘एफएससीके’ जेवढं जुळवेल तेवढं जुळवतं.

[पुन्हा डावी पट्टी. या वेळी पडद्यावर आखलेला नमुना.]

या नमुन्यात ड्राइव्हच्या नावाखाली एक ओळ कायम दिसते, सूचनेसारखी उडून जात नाही. लिहिणं बाकी असलं की ‘लिहितोय, काढू नका’. अडकला असेल तर ‘अमुक प्रोग्रॅम वापरतोय’ आणि शेजारी त्या प्रोग्रॅमकडे नेणारं बटण. मोकळा झाला की ‘आता काढा’, आणि प्लग निघेपर्यंत ती ओळ तशीच राहते. इजेक्ट दाबताच नाव यादीतून गायब करणं ही सगळ्यात वाईट पद्धत, कारण काम झालं की बिघडलं ते कळत नाही. फक्त रंग बदलून भागणार नाही. लाल-हिरवा वेगळा न दिसणाऱ्यांना आणि पडदा सॉफ्टवेअरकडून वाचून घेणाऱ्यांना शब्दच लागतात.

नमुना तपासायचा तर जलद एसएसडी घेऊन बसू नका, तिथे सगळं ठीकच दिसेल. सावकाश यूएसबी २.० पेन ड्राइव्ह घ्या, एक्सफॅटनं फॉरमॅट करा, ८ जीबी किंवा जास्त रॅमच्या मशिनला लावा. ७०० एमबीची एक फाइल टाका. मग एक एमबीच्या सातशे फाइली टाका, कारण लहान फाइलींना तक्त्यातल्या नोंदींचा वेळ जास्त लागतो. दोन्ही वेळा तीन क्षण टिपा: बार भरला तो, ‘डर्टी’ आणि ‘राइटबॅक’ दोन्ही तळाला गेले तो, आणि पडद्यानं ‘आता काढा’ म्हटलं तो. तिसरा क्षण दुसऱ्याच्या आधी आला, तर नमुना नापास.