गावातून आयफोनचं ॲप बिल्ड करायचं असेल तं

मघाशी मागच्या बाकावरून एका पोट्ट्यानं विचारलं की सर, आमच्या तालुक्यात कोणाकडंच मॅक नाही तं आयफोनचं ॲप काढावं कसं. प्रश्न रास्त आहे. एक्सकोड, म्हणजे ॲपलचं ॲप बनवायचं सॉफ्टवेअर, फक्त मॅकओएसवरच चालते, मग तुम्ही फ्लटरमध्ये लिहा नाहीतं रिॲक्ट नेटिव्हमध्ये (एकाच कोडातून अँड्रॉइड अन् आयफोन दोन्हीचं ॲप काढायची साधनं), कोड विंडोजवर लिहून होईल पण आयफोनचा बिल्ड, म्हणजे कोडापासून चालतं ॲप, काढायले मॅक लागतेच. वरून एप्रिल 2025 मध्ये ॲप स्टोअरनं एक्सकोड 16 च्या खालचा बिल्ड घेणं बंद केलं, म्हणजे कोणाचा जुनापाना मॅक मागून आणला तरी काम होईलच असं नाही. मग उरला भाड्याचा मॅक.

आता इथं गंमत आहे. तुम्ही डॉकर शिकले (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवायचं टूल), कुबरनेटीस शिकले (असे कंटेनर बऱ्याच मशीनवर सांभाळायचं टूल), लिनक्सच्या एका कर्नलवर, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यावर, पन्नास कंटेनर उभे केले, झालं. तेच डोकं मॅकले लावलं की अडते. मॅकओएसले तसे कंटेनरच नाहीत, मॅकवर डॉकर चालते ते आत लिनक्सची व्हीएम (मशीनच्या आत चालणारं आभासी मशीन) उभी करून, त्यात एक्सकोड कुठून येणार बाप्पा! आणि कुबरनेटीसचे नोड, म्हणजे त्याच्या हाताखालचे मशीन, लिनक्स किंवा विंडोजचे. म्हणून ओर्का सारख्या टूलनं कुबरनेटीस वापरलं खरं पण त्यावर मॅकच्या व्हीएम सांभाळल्या. टार्ट नावाचं दुसरं टूल आहे, ते व्हीएमची इमेज (तयार साचा) डॉकरसारखीच रजिस्ट्रीत, म्हणजे इमेजच्या ऑनलाइन कोठारात, ठेवते अन् तिथून आणते, आणि बरेच मॅक असले तं त्यांचं वाटप करायले ऑर्चर्ड.

पण खरा लगाम लायसन्सचा आहे. मॅकओएसची व्हीएम फक्त ॲपलच्याच मशीनवर चालवायची, एका मॅकवर जास्तीत जास्त दोन, आणि मॅक भाड्यानं द्यायचा तं कमीत कमी 24 तासांसाठी. एडब्ल्यूएसनं (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) 2020 च्या नोव्हेंबरात मॅक भाड्यानं द्यायले सुरुवात केली, तिथंही पूर्ण मशीनच घ्यावं लागते आणि 24 तासांच्या आत सोडता येत नाही. दोन पोते तुरीसाठी थ्रेशर बोलावला अन् भाडं दिवसभराचं भरलं, तसा हिशोब. त्यामुळं लिनक्ससारखं लोड वाढला की मशीन वाढव, उतरला की कमी कर, हे मॅकमध्ये जमत नाही. माझं मत असं की इथं ऑर्केस्ट्रेशनचं (मशीनवर कामं वाटायचं) काम म्हणजे रांग लावणं, एका मॅकवर व्हीएमच्या दोन जागा आहेत तं त्या रिकाम्या पडू न देणं, बस.

एक बिल्ड कसा जाते ते पाहा. तुम्ही गिट पुश केलं, म्हणजे बदललेला कोड सर्व्हरवर पाठवला, जॉब (बिल्डचं काम) रांगेत लागला, जागा मोकळी झाली की तयार इमेजचा क्लोन निघते. मॅकची फाइल सिस्टीम एपीएफएस कॉपी-ऑन-राइट असल्यानं, म्हणजे बदलेल तेवढाच भाग नव्यानं लिहित असल्यानं, एवढ्या जीबीचा क्लोनही सेकंदात होते. व्हीएम बूट होते, बिल्ड, सायनिंग (ॲपवर तुमची डिजिटल सही), टेस्टफ्लाइटवर (ॲपलची ॲप तपासायची सेवा) अपलोड आणि व्हीएम पुसून टाकायची, पुढच्या जॉबले कोरी पाटी. फसते कुठं तं सायनिंगमध्ये. एसएसएचवरून, म्हणजे दुरून कमांडनं, मशीनवर गेलं की कीचेन (मॅकची पासवर्ड अन् किल्ल्यांची तिजोरी) लॉक असते, आणि सही करणारं कोडसाइन टूल एररसेकइंटर्नलकंपोनंट असं काहीतरी बोलून मोकळं होते, त्यावरून कोणाले काय कळणार! तेव्हा वेगळी कीचेन बनवा, स्क्रिप्टमध्येच अनलॉक करा, आणि सेट-की-पार्टिशन-लिस्ट ही कमांड (न विचारता किल्ली वापरू देणारी) चालवायले विसरू नका, नाहीतं पासवर्डची खिडकी न दिसणाऱ्या स्क्रीनवर उघडून बसते आणि जॉब लटकते. सायनिंगचं सर्टिफिकेट मात्र इमेजमध्ये ठेवू नका, जॉबच्या वेळी आणा.

गावात लाइन जाते, नेट मोबाइलचं, तरी यात अडत नाही काहून की तुमच्याकडून जाते फक्त कोडचा फरक, काही केबी. पण एक्सकोडची इमेज स्वतःच्या हॉटस्पॉटवर उतरवायच्या फंदात पडू नका, डेटा पॅक संपेल पण ते संपणार नाही, इमेज तिकडंच क्लाउडवर बनवा.

आणि एकच ॲप असेल, महिन्यातून एखादा बिल्ड, तं हे सारं कायले? मिनिटावर पैसे घेणारी सीआय सर्व्हिस (कोड पाठवला की आपोआप बिल्ड अन् टेस्ट करणारी) वापरा, तिथंही मॅकचं मिनिट लिनक्सपेक्षा बरंच महाग असते म्हणून लिंट (कोडातल्या चुका शोधणं), बॅकएंडच्या म्हणजे सर्व्हरकडच्या कोडाच्या टेस्ट, अँड्रॉइडचा बिल्ड लिनक्सवरच उरकून घ्या आणि मॅकवर फक्त आयफोनचं पाठवा. मॅक भाड्यानं घ्यायचाच असेल तं चार-पाच प्रोजेक्टवाले मिळून एक दिवस ठरवा. आणि संध्याकाळी नुसती मॅकची इन्स्टन्स (भाड्याच्या मशीनवर चालणारी तुमची सिस्टीम) बंद करून झोपू नका, एडब्ल्यूएसवर मीटर होस्टचं, म्हणजे खऱ्या मशीनचं, चालते, इन्स्टन्स बंद केल्यावर मशीनची सफाई होते त्यातही बराच वेळ जाते, ती संपली की होस्ट रिलीज करा आणि बिलाच्या पानावर जाऊन एकदा पाहून घ्या.