घारापुरीचा सोमवार

आज सोमवार. घारापुरी बेटावरच्या लेण्यांना सुटी. शेतबंदरच्या धक्क्यावर टॉय ट्रेन उभी. वर जाणाऱ्या सव्वाशेक पायऱ्यांवर दुकानांच्या ताडपत्र्या ओढलेल्या, आणि मधोमध माकडांचं निवांत राज्य.

बाकीचे सहा दिवस गेटवेहून तासाभराच्या प्रवासाने लाँच येतात. माणसं चढतात, महेशमूर्तीसमोर फोटो काढतात, उतरतात. मुक्कामाला परवानगी नाही. शेवटची लाँच सुटली की बेट पुन्हा गावकऱ्यांचं.

शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर. तीन वाड्या, हजार-बाराशे वस्ती. समोर मुंबई रात्रभर लखलखायची आणि इथे जनरेटरवर संध्याकाळचे तीन-साडेतीन तास दिवे. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून पूर्ण वेळ वीज आली, ती २०१८च्या फेब्रुवारीत. जागतिक वारसा यादीत हे बेट १९८७पासून आहे. वारसा उजेडात, वारसदार अंधारात, असं ३० वर्षं चाललं.

आता पर्यटनाचा हिशेब मांडू. पायऱ्यांवरच्या माळा, मूर्ती, टोप्या, बराचसा माल मुंबईहून येतो आणि पिशव्यांतून मुंबईला परत जातो. बेटाचं स्वतःचं काय? मावश्यांच्या टोपल्यांतल्या कैऱ्या, बोरं, चिंचा. आणि डोलीवाल्यांचे खांदे. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या तेवढ्या मागे राहतात. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ हे नाव ठेवलं, तो दगडी हत्तीसुद्धा इथे नाही. तो भायखळ्याला, राणीबागेच्या आवारात. बेटावरचं उचलून नेणं, ही खोड जुनीच!

चला, मोराबंदरला.

ओहोटी लागलीय. तिवरांची, म्हणजे कांदळवनातल्या झाडांची, मुळं उघडी पडलीत, चिखलात निवट्या मासे उड्या मारताहेत. खडकांपाशी एक बाई वाकून कालवं फोडतेय. उधाणाची मोठी ओहोटी किती लांब जाते, भांगाची लहान ओहोटी किती, पाय कुठे गुडघ्यापर्यंत रुततो, सगळं तिला पाठ. या माहितीचं तिकीट अजून कुणी लावलेलं नाही.

लावता येईल. निसर्गाला धक्का न लावता, गावाच्याच हातांनी चालणारं हरित पर्यटन. ओहोटी बघून दहा-बारा जणांना तिवरांच्या कडेने फिरवायचं. दुपारी एखाद्या पडवीत तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण. उन्हं उतरली की पूर्वेच्या टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष. ज्याने कचरा आणला, त्याने तो त्याच लाँचने न्यायचा. हे स्वप्नरंजन नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका कांदळवनाची सफर घडवतात, वल्ही त्यांच्याच हातात असतात.

शिवडीहून समुद्रावरून आठेक किलोमीटरचा रोपवे आणायची कल्पनाही मांडली गेली आहे. गर्दी वाढेल, शंकाच नाही. पण ती मोराबंदरच्या पडवीपर्यंत पोचेल? की लेण्यांवरून परस्पर माघारी जाईल? किती माणसं पेलवतात, कधी नाही म्हणायचं, हे ग्रामसभेच्या हाती नसेल, तर त्याला हरित पर्यटन म्हणण्यात अर्थ नाही.

मंगळवार सकाळ. पहिली लाँच लागली. सगळी टॉय ट्रेनकडे धावली. एक जोडपं तेवढं टोपलीवाल्या मावशींपाशी रेंगाळलंय.

“मावशी, ही वाट कुठे जाते हो?”

“मोराबंदरला.”

“काय आहे तिकडे बघण्यासारखं?”

मावशी बोरं मोजता मोजता हसल्या. “आमी राहतो ना!”